तीस दाण्यांचं पाणी

"तुझ्या बापाची पाळी लांबत चाललीय, देल्मिरा. एकदा घड्याळ लावून बघ."

तिबुर्सियो मला हे ऑगस्टात म्हणाला. दारात उभा राहून, डोक्यावरची टोपी न काढता. त्याचं शेत पाटाच्या अगदी शेवटी. तिथवर पाणी पोचेस्तोवर दिवस कलतो, आणि दिवस मावळला की पाणी तळ्याकडे वळवायचं हा गावचा नियम. त्यामुळे हा माणूस बाराही महिने कुणाच्या ना कुणाच्या नावाने बोटं मोडत असतो. मी मांडीवर नायेलीला पाजत होते. महिन्याची होती तेव्हा. मला हसूच आलं.

"ताता तिबुर्सियो, गेल्या वर्षी म्हणालात, फळीला भोक पडलंय. त्याच्या आदल्या वर्षी म्हणालात, वरच्या गावाने पाट फोडला. आता माझ्या बापाच्या काळजावर आलात होय?"

"मी पाण्याबद्दल बोलतोय."

"मग पाण्याशीच बोला जाऊन."

तो पुटपुटत निघून गेला. मी ही गंमत सगळ्यांना सांगितली, माझ्या वडिलांनाही. बापाला काय, गावातल्या वडीलधाऱ्याला काय, आम्ही ताताच म्हणतो; माझे ताता इतके हसले की त्यांना ठसका लागला. हसून झाल्यावर ते बराच वेळ भिंतीला टेकून, डोळे मिटून बसले होते. मी ते पाहिलं. ठसक्यामुळे असेल म्हटलं.

आमच्या तिपापातात पाण्याची पाळी घड्याळावर मोजत नाहीत, नाडीवर मोजतात. पूर्वी ही सगळी खोऱ्यातली जमीन एका मालकाची होती. त्याचा मुकादम खिशात घड्याळ घेऊन पाटावर बसायचा आणि काटा हवा तसा फिरवायचा. मालकाची जमीन कुळांच्या नावावर झाली तेव्हा आमच्या आज्या-पणज्यांनी पहिला ठराव केला तो हा, की पाटावर पुन्हा घड्याळ येणार नाही. घड्याळाचा काटा बोटाने मागे नेता येतो, काळजाला कोण मागे नेणार? तेव्हापासून पाटकरी वरच्या दारापाशी बसतो. मनगटावर दोन बोटं. शंभर ठोके झाले की मक्याचा एक दाणा डाव्या खिशातून उजव्या खिशात. तीस दाणे झाले की शिंग फुंकायचं. खोऱ्यात सगळीकडे ते ऐकू जातं. मग एकाने आपलं दार बांधायचं आणि पुढच्याने आपलं फोडायचं.

आणि पाटकरी निवडायचा तो ज्याची नाडी गावात सगळ्यांत संथ. भांडणात त्याचं डोकं तापत नाही, ठोके पळत नाहीत. आणि खरं सांगायचं तर त्याची पाळी जरा ऐसपैस असते, ती कुणाला नको? वरच्यांना फायदा, मधल्यांना फायदा. शेवटच्याचं काय, तर तो तिबुर्सियो. तो रडणारच.

माझे वडील, कासियानो, अकरा वर्षं पाटकरी होते. त्यांच्या आधीचा देमेत्रियो वरच्या दारापाशीच गेला, बसल्या बसल्या. त्याच्या आधीचाही तसाच. गावात म्हणतात, त्यांना पाण्याने नेलं. ऐकायला बरं वाटतं. मीही लहानपणापासून तसंच म्हणत आले.

कोचाबांबाला शिक्षिका व्हायला शिकत होते तेव्हा एकदा विज्ञानाच्या तासाला शेजारणीची नाडी मोजायची होती. वर्गात आम्ही एकोणतीस मुली. फळ्यावर आकडे लिहीत गेलो. बहात्तर, ऐंशी, शहात्तर, अडुसष्ट. माझा आकडा छप्पन्न. बाई म्हणाल्या, "अगं, धावतेस की काय तू?" मी मान डोलावली. मी धावत नव्हते. पण एकोणतीस जणींत आपला आकडा सगळ्यांत खालचा, याचा मला केवढा अभिमान वाटला! तातांना फोन केला तर म्हणाले, "छप्पन्न? म्हणजे पाटकरी व्हायला अजून पिकायचीस तू."

ऑक्टोबरात आरोग्यवाल्यांची गाडी आली. मोयेच्या झाडाखाली टेबल मांडलं, छातीला चिकटवायच्या तारा काढल्या. नर्सबाईंचं नाव इस्मेनिया. बारीक चणीच्या, आवाज मात्र खणखणीत. बायका आपापल्या वावांना, तान्ह्या पोरांना, घेऊन आल्या, मीही नायेलीला पाठीशी बांधून गेले. पुरुष आले ते पैज लावायला.

"बाई, आधी माझी मोजा. या सगळ्यांत माझी संथ."

"ऊठ रे, तुझी काय संथ! बायको ओरडली की तुझी घोड्यासारखी पळते."

हिलारियोनची एकोणपन्नास भरली तेव्हा त्याने दोन्ही हात वर केले. त्याचं शेत पाटावर पहिलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. नर्सबाईंनी आकडा लिहिला. त्या हसल्या नाहीत. गर्दी पांगल्यावर मला म्हणाल्या, "तुम्ही शाळेत शिकवता ना? मग तुम्हाला सांगते. बसलेल्या माणसाची नाडी साधारण साठच्या वर असते. गेल्या महिन्यात मी पठारावरच्या एका गावात साठ माणसं तपासली. पन्नासच्या खाली निघाले दोन. त्यांतला एक सायकलच्या शर्यतीत धावणारा. इथेही साठच तपासली. किती निघाले असतील?"

"किती?"

"एकोणीस."

"आम्ही डोंगर चढतो, बाई. लहानपणापासून."

"आणि पठारावरची माणसं काय खुर्चीत बसून फिरतात? तुमच्या त्या फोर्तुनाताआजींची त्रेचाळीस आहे. त्या काय फुटबॉल खेळतात?"

नर्सबाईंनी समोरच्या घराच्या भिंतीकडे बोट दाखवलं. मातीची भिंत, उन्हाने तडकलेली, जशी आमच्या सगळ्यांची. "पठारावर थंडी असते. तिथे विंचुका टिकत नाही."

विंचुका आम्हाला नवा नाही. भिंतीच्या फटीत राहणारा किडा, दिवा मालवला की उतरतो आणि झोपलेल्याचं रक्त पितो. लहानपणी मी आणि माझा भाऊ निकानोर त्याला चिरडायचो आणि बोटाला लागलेलं रक्त तुझं की माझं यावर भांडायचो. नर्सबाई म्हणाल्या, त्याच्या घाणीतून एक जंतू अंगात शिरतो. वीस-तीस वर्षं गप्प बसतो. मग काळीज ज्या शिरांवर चालतं त्या कुरतडायला लागतो, उंदराने वायर कुरतडावी तशा. आधी ठोके मंद होतात. मग एक दिवस मधलाच एखादा ठोका येत नाही, आणि पुढचाही येत नाही.

"इलाज?"

"छातीत बसवायचं यंत्र असतं, ठोके चालू ठेवायला. यादी लांब आहे, पण नाव घालते मी. आधी माणूस माझ्यासमोर आणा."

मग त्यांनी नायेलीकडे पाहिलं. मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "आईकडून बाळाला जाऊ शकतो. दोघींचं रक्त घेते. बाळाचं लवकर कळलं तर औषधाने पूर्ण बरं होतं. मोठ्यांचं मी तसं सांगू शकत नाही."

सुई टोचली तेव्हा नायेलीपेक्षा मीच जास्त रडले.

ताता रांगेत नव्हते. ते वर पाटावर. संध्याकाळी आले, शिंग खुंटीला अडकवलं, मी मोट वाढलं. उकडलेला मका त्यांना रोज लागायचा. सगळं सांगितलं. ते दाणे चावत ऐकत राहिले.

"म्हणजे ती बाई म्हणते, गाव आजारी आहे?"

"एकोणीस जण आहेत, ताता."

"आणि आपण समजतो पाटकरी व्हायला एकोणीस जण लायक आहेत."

"हसू नका. नर्सबाई शुक्रवारपर्यंत मोठ्या गावात आहेत. उद्याच जाऊ."

"उद्या बटाट्याची पाळी आहे. लोकांचं बी जमिनीत गेलंय. परवा जाऊ."

"मग मनगट तरी द्या इकडे."

त्यांनी हात पाठीमागे नेला. पाटकऱ्याच्या मनगटाला दुसऱ्याने हात लावायचा नाही, पाणी आटतं म्हणतात. निवडीच्या दिवशी फोर्तुनाताआजी धरते तेवढंच. "तुझ्या आईनेसुद्धा कधी धरलं नाही," ते म्हणाले आणि झोपायला गेले.

तेव्हा मला माझ्या वहीची आठवण झाली.

मला बारीकसारीक लिहून ठेवायची खोड आहे. नायेली झाल्यापासून तर जास्तच. किती वाजता पाजलं, किती वाजता ओकली, किती वेळ झोपली. नवरा खाली सांता क्रूसला बांधकामावर, आई नाही, मग वहीशीच बोलायचं. शिंग वाजलं की नायेली दचकून उठायची, त्यामुळे तेही लिहिलेलं. "आठ दहा, शिंग, रडली. नऊ चौदा, शिंग, रडली." अशी पानंच्या पानं. पोरीच्या झोपेचा हिशेब म्हणून लिहिलेलं ते, आणि त्यात माझ्या बापाचं काळीज उतरलेलं होतं.

तीस दाणे म्हणजे तीन हजार ठोके. ऑगस्टात दोन शिंगांमध्ये चौसष्ट मिनिटं. म्हणजे सत्तेचाळीस. सप्टेंबरात एकाहत्तर मिनिटं, बेचाळीस. या आठवड्यात त्र्याऐंशी, पंच्याऐंशी, शहाऐंशी. हा भागाकार मी चौथीच्या पोरांना शिकवते. उत्तर पस्तीस आलं. पुन्हा केला. पस्तीसच आलं.

तिबुर्सियोने मला घड्याळ लावायला सांगितलं होतं. मी रोज लावत होते. फक्त वजाबाकी-भागाकार तेवढा केला नव्हता.

मी तातांच्या दारात जाऊन उभी राहिले. ते शांत झोपले होते. उठवून काय सांगायचं? अपरात्री रस्त्याला गाडीही मिळत नाही. सकाळी न्याहारी घेऊन वरच जाऊ आणि हाताला धरून खाली आणू, पाळी गेली खड्ड्यात, असं ठरवलं. आज तुम्ही मला विचाराल, तेव्हाच का नाही उठवलं? मी स्वतःला रोज विचारते.

सहाचं शिंग मी अर्धवट झोपेत ऐकलं. ते दिवसाचं पहिलं, हिलारियोनचं. नायेली रात्री दोनदा उठून नुकतीच झोपलेली, ती थोडी हलली आणि पुन्हा झोपली. मग मीही झोपले. उठले तर ऊन अंगणात आलेलं. पोरगी गाढ झोपेत. जन्मल्यापासून इतकी सलग कधी झोपली नव्हती. "गुणाची गं माझी बाई ती," मी तिला हळूच म्हणाले. केस विंचरले. चुलीवर मोट ठेवलं, न्याहारी बांधली. कितीतरी दिवसांनी हात मोकळे होते, जीव हलका वाटत होता. सवयीने वही उघडली, झोपेची वेळ लिहायला मोबाईल पाहिला. आठ चाळीस.

आठ चाळीस, आणि पोरगी उठली नव्हती, कारण शिंग वाजलं नव्हतं.

तिला पाठीशी बांधून मी धावत सुटले. वाटेत हिलारियोनचं शेत. त्याच्या सऱ्या बुडालेल्या, पाणी बांधावरून रस्त्यात आलेलं, आणि तो पँट गुडघ्यापर्यंत वर करून, फावड्याला रेलून, तोंडभर हसत उभा.

"आज तुझ्या बापाचं काळीज लईच मोठं झालंय बघ, देल्मिरा!"

"कधीपासून आहे पाणी?"

"पहिल्या शिंगापासून."

"पावणेतीन तास झाले, ताता हिलारियोन!"

"मग? मी का ओरडू? मिळतंय तर." हे बोलता बोलता त्याचं हसणं थांबलं. माझ्या तोंडाकडे पाहून त्याने फावडं टाकलं आणि माझ्या मागे पळायला लागला. थोड्या वेळाने तो मागे पडला. छाती धरून वाटेतच बसला.

ताता नेहमीच्या दगडावर होते. पाठ कातळाला टेकलेली, टोपी डोळ्यांवर आलेली. डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं तशीच. पाटाचं पाणी त्यांच्या पायाशी खळखळत होतं. मी ती बोटं बाजूला केली आणि तिथे माझी ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा मी तातांचं मनगट धरलं. हात गार होता. नायेली पाठीवर जागी झाली आणि रडायला लागली.

अंघोळ घालायच्या वेळी निकानोरने त्यांचे खिसे रिकामे केले. उजव्या खिशात चौदा दाणे, डाव्यात पंधरा, एक मुठीत. चौदाशे ठोके, मिनिटाला पस्तीसने चाळीस मिनिटं. म्हणजे सहा चाळीस. तेव्हा मी झोपले होते. आठ वाजता, मी केस विंचरत होते तेव्हा, त्यांना जाऊन दीड तास होत आला होता. हा हिशेब कुणी मागितला नव्हता, पण मला केल्याशिवाय राहवलं नाही. धावले असते तरीही उशीरच झाला असता असं तो हिशेब सांगतो. आदल्या रात्री उठवलं असतं तर काय, हे सांगत नाही.

मातीला सगळं गाव आलं. कोकाची पानं वाटली, मक्याच्या दारूचा, चिचाचा, घडा फिरला. हिलारियोनचे बटाटे जमिनीतच कुजले. त्याने त्याबद्दल तोंडातून अक्षर काढलं नाही. तिबुर्सियो शेवटी आला आणि या वेळी त्याने टोपी काढली.

"मी पाण्याबद्दलच बोललो होतो गं. आईशप्पथ. मला काय ठाऊक?"

"मलाही ठाऊक नव्हतं," मी म्हणाले. पण मी शिकलेली आहे आणि तो नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

नवव्या दिवशी प्रार्थना संपली आणि दहाव्या दिवशी नवा पाटकरी निवडायला गाव मोयेच्या झाडाखाली जमलं. मोठी माणसं ओळीत उभी राहिली, मनगटं पुढे करून. फोर्तुनाताआजी एकेकाचं मनगट धरत, डोळे मिटत पुढे सरकत होती. माझ्या भावापाशी ती थांबली. निकानोर चौतीस वर्षांचा.

"हा," ती म्हणाली. "पोरगं बापासारखंच संथ आहे."

टाळ्या पडल्या. कुणीतरी शिंग त्याच्या गळ्यात घातलं. मी नायेलीला शेजारणीकडे दिलं, पुढे गेले आणि मोबाईल दगडावर ठेवला.

"यावर मोजा पाळी. एक तास प्रत्येकाला. कुणाचंही काळीज नको."

मागून आवाज आला, "मुकादमाची नात आली रे!"

"घड्याळ घेऊन आली!"

"काटा कोण फिरवणार, तुझा नवरा?"

"अरे, नर्सबाईंनी काय सांगितलं ते ऐका," मी ओरडले. "साठातली एकोणीस! दुसऱ्या गावात दोन! आपण दर वेळी सगळ्यांत आजारी माणूस शोधून काढतो आणि त्याला एकटा डोंगरावर बसवतो!"

"पोरीला बापाचं दुःख आहे," फोर्तुनाताआजी म्हणाली. "बोलू द्या तिला." आणि हे टोमण्यांहून जास्त लागलं, कारण त्यानंतर कुणी ऐकायचं कारणच उरलं नाही.

माझ्या बाजूने एकटाच बोलला, तिबुर्सियो. "ठेवा घड्याळ. पोरगी खरं सांगतेय."

"तुला रे काय! तुला पाणी हवंय!" सगळे हसले. माझी बाजू तिथेच बुडाली.

मी निकानोरचं मनगट पकडलं. तो कुजबुजला, "देल्मी, सोड. लोक बघतायत." त्याने हात हिसकावला तोवर पंधरा सेकंद झाली होती. अकरा ठोके. चव्वेचाळीस.

महिन्याने रक्ताचे कागद आले. माझ्यात आहे. नायेलीतही आहे. नर्सबाईंनी गोळ्या दिल्या. साठ दिवस, पाण्यात विरघळवून चमच्याने. आज सदतिसावा दिवस. ती थुंकते, मी पुन्हा देते. ती बरी होईल, असं नर्सबाई म्हणतात, आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवायचं ठरवलंय. निकानोरचं नाव यादीत घालायला तो समोर यायला हवा. तो म्हणतो, मका पेरून होऊ दे. नंतर म्हणाला, पहिली खुरपणी होऊ दे. "मला काही होत नाही, देल्मी. जरा चक्कर येते, उन्हाची. तुझी वही आहे ना? तू मोज."

म्हणून मी मोजते. तिबुर्सियो आता त्याच्या शेतात थांबत नाही. दिवस उजाडला की वरच्या दारापासून हाकेच्या अंतरावर, निकानोरला दिसणार नाही असा बसतो. पंच्याहत्तर मिनिटं झाली आणि शिंग वाजलं नाही की मी अंगणातून तांब्याची परात बडवायची आणि त्याने धावायचं, असं आमचं ठरलंय. गाव म्हणतं, म्हातारा पाणी चोरायला टपलाय. म्हणू दे. गेल्या आठवड्यात दोनदा परात हातात घेतली होती. दोन्ही वेळा एकाहत्तरला शिंग वाजलं. नायेली दचकून रडली आणि मी तिला पोटाशी धरून हसले.

हे मी दोन शिंगांच्या मध्ये लिहितेय. आता त्रेसष्ट मिनिटं झाली.

तुमच्याही घरात कुणीतरी असेल, ज्याच्या शांतपणाचं सगळे कौतुक करतात. जो हल्ली चढ चढताना मध्येच थांबतो आणि समोरचं काहीतरी बघतोय असं दाखवतो. जेवून उठला की भिंतीला टेकतो. हे वाचून झालं की त्याच्याकडे जा. फोन करू नका, फोनवर सगळे बरेच असतात. घड्याळ घेऊन जा आणि त्याचं मनगट धरा. तो हसेल, हात मागे नेईल, परवा बघू म्हणेल. पूर्ण एक मिनिट सोडू नका.